मिठीच्या काठाने कॅन्टनकडे

दोनशे वर्षांपूर्वी चीनमधल्या कॅन्टन शहरात परदेशी व्यापाऱ्याला मनात आलं म्हणून फिरायला निघता येत नसे. फेरफटक्याच्या तारखा सरकारने ठरवून दिलेल्या होत्या: महिन्याची ८, १८ आणि २८. त्या दिवशी छोट्या गटाने, सोबत सरकारमान्य चिनी दुभाषा घेऊन, पर्ल नदी ओलांडून पलीकडच्या होनाम बेटावरच्या बागांत जायचं आणि वेळेत परत यायचं. शहराच्या तटबंदीच्या आत पाऊल टाकायची परवानगी नव्हतीच. उरलेले दिवस नदीकाठच्या जेमतेम तीनशे मीटरच्या पट्ट्यात काढायचे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला वखारी आणि मध्ये थोडं मोकळं आवार.

या पट्ट्यात येरझारा घालणाऱ्यांत इंग्रज, डच, अमेरिकन होते, तसे मुंबईहून आलेले पारशीही होते. कॅन्टनचे लोक त्यांना पगडीवरून ‘पांढऱ्या डोक्याचे’ म्हणत.

त्या शहराला आज आपण ग्वांगझू म्हणतो. तिथल्या नदीकाठी चालण्याचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर कधी ना कधी येऊन गेले असतील: रोषणाई केलेले पूल, जुन्या युरोपीय इमारती, वडाच्या झाडांखाली नाचणारी म्हातारी माणसं. मी ग्वांगझू पाहिलेलं नाही. पण त्या शहराबद्दल वाचताना एक नाव पुन्हा पुन्हा समोर आलं आणि ते मला थेट पवईत घेऊन आलं. फ्रामजी कावसजी बनाजी. पवईची सारी जमीन एके काळी या माणसाच्या ताब्यात होती आणि त्यांच्या घराण्याची जहाजं चीनला जात होती.

म्हणून मी उलटी वाट धरली. पवई तलावापासून निघून मिठी नदीच्या काठाने, जिथे काठ सापडतो तिथे काठाने आणि जिथे नाही तिथे रस्त्याने, माहीमच्या खाडीपर्यंत. एका दमात नाही, चार-पाच रविवारी तुकड्यातुकड्यांनी. हा लेख त्या चालण्याचा आहे, आणि पवईतून कॅन्टन कसं दिसतं याचाही.

तेरा वखारी

आधी कॅन्टनचा काठ नीट पाहून घेऊ. १७५७ पासून चीनच्या बादशहाने युरोपीय समुद्री व्यापार या एकाच बंदरात कोंडून ठेवला होता. परदेशी लोकांनी राहायचं आणि व्यापार करायचा तो नदीकाठच्या इमारतींत. त्यांना ‘तेरा वखारी’ म्हणत. तळमजल्यावर गोदाम आणि कचेरी, वर राहायच्या खोल्या, पुढे आपापल्या देशाचा झेंडा. मध्ये दोन-तीन अरुंद गल्ल्या, त्यात रेशीम, चिनी मातीची भांडी आणि दारू विकणारी दुकानं. बायकांना तिथे मज्जाव होता. व्यापाराचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. तो संपला की गाशा गुंडाळून मकावला जायचं.

खरेदी-विक्री फक्त परवानाधारक चिनी व्यापाऱ्यांच्या मंडळाशी करता येई. त्यातल्या हौक्वा या व्यापाऱ्याची गणना त्या काळच्या जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत होत असे. मुंबईचे जमशेटजी जीजीभाई तरुणपणी अनेकदा या काठावर आले. १८०५ साली त्यांचं ‘ब्रन्सविक’ जहाज फ्रेंचांनी पकडलं. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा स्कॉटिश डॉक्टर होता. पुढे जार्डिनने डॉक्टरकी सोडली आणि तो चीनच्या व्यापारातला बडा माणूस झाला. जमशेटजी त्याचे मुंबईतले बडे भागीदार झाले. हा व्यापार फक्त पारशांचा नव्हता. जमशेटजींच्या जवळच्या भागीदारांत कोकणी मुसलमान महंमद अली रोगे होते, जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद होते, गोव्याचे रोजेरियो द फारिया होते. आजच्या भाषेत याला ‘मल्टिकल्चरल स्टार्टअप’ म्हटलं असतं आणि कौतुकाने एखादी वेब सिरीज काढली असती.

अमिताव घोष यांच्या ‘रिव्हर ऑफ स्मोक’ या कादंबरीचा एक नायक, बहराम मोदी, याच काठावर वावरतो. कादंबरीच्या नावातला धूर कसला, हे समजायला माळव्यात जावं लागतं.

माळव्याची पेटी

इंग्रजांना चिनी चहा हवा होता आणि चिन्यांना इंग्रजांचं फारसं काही नको होतं. चहाचे पैसे चांदीत मोजावे लागत. हा तोटा भरून काढायला दोन हिंदुस्थानी वस्तू कामी आल्या: कापूस आणि अफू. चीनमध्ये अफूला बंदी होती, त्यामुळे हा व्यापार म्हणजे उघड्यावरची तस्करी. माल नदीच्या मुखाशी उभ्या गलबतांवर उतरायचा आणि रात्री वल्ह्यांच्या होड्यांतून आत जायचा. कॅन्टनच्या वखारीत बसून फक्त सौदे व्हायचे.

बंगालकडच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. पण माळव्यात अफू पिकत होती ती शिंदे-होळकरांच्या आणि इतर संस्थानिकांच्या मुलखात, कंपनीच्या हाताबाहेर. ती अफू पोर्तुगिजांच्या दमणमार्गे बाहेर जाऊ लागली. थांबवता येईना, तेव्हा कंपनीने नेहमीचा शहाणपणा केला: बंदी सोडून कर लावला. १८३० पासून पेटीमागे १७५ रुपये भरले की माल मुंबई बंदरातून पाठवायचा परवाना मिळू लागला. एका पेटीत साधारण साठ किलोहून थोडी जास्त अफू मावे. पुढे सिंध इंग्रजांकडे आल्यावर दुसरी वाट उरली नाही, तसा हा कर वाढत १८४७ पर्यंत ४०० रुपयांवर गेला.

शाळेच्या पुस्तकात मुंबईची भरभराट कापसाने झाली असं आपण वाचतो. अमेरिकेतलं यादवी युद्ध, १८६० चं दशक, गिरण्या. ते खरंच आहे. पण त्याच्या आधीच्या तीस-चाळीस वर्षांत या शहरात भांडवल साठलं, त्यातला मोठा वाटा चीनच्या व्यापाराचा होता. त्या साखळीच्या एका टोकाला मंदसोर-रतलामकडचा खसखशीच्या बोंडांना चिरा देणारा शेतकरी होता, दुसऱ्या टोकाला चिलीम ओढणारा कॅन्टनचा हमाल. मुंबई मध्ये होती आणि मुंबईला दोन्ही टोकं बघायची गरज पडत नव्हती.

१८३९ च्या मार्चमध्ये लिन झेशू हा बादशाही अधिकारी कॅन्टनला आला. त्याने वखारींना वेढा घातला आणि २०,२८३ पेट्या अफू ताब्यात घेतली. जूनमध्ये हूमेनच्या किनाऱ्यावर खड्डे खणून, खारं पाणी आणि चुना घालून ती विरघळवली आणि समुद्रात सोडून दिली. त्याआधी त्याने समुद्राच्या देवतेची क्षमा मागितली, कारण तिचं पाणी घाण होणार होतं. त्या पेट्यांमध्ये मुंबईच्या व्यापाऱ्यांच्याही बऱ्याच होत्या.

पुढे पहिलं अफूयुद्ध झालं. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानजिंगजवळ, यांगत्से नदीत उभ्या असलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर तह झाला आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं. ती नौका सागवानाची होती आणि १८१३ साली मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी बांधलेली होती. चीनच्या इतिहासात ज्याला अपमानाचं शतक म्हणतात, त्याची सुरुवात आपल्या गोदीतल्या लाकडावर उभं राहून सह्या करून झाली.

पवईचे शेट

आता पवईत येऊ. साष्टी बेट, म्हणजे वांद्र्यापासून ठाण्याच्या खाडीपर्यंतचा मुलूख, १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला. १७७४ मध्ये तो इंग्रजांनी बळकावला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्याकडेच राहिला. बेट मोठं, पण उत्पन्न कमी. म्हणून कंपनीने इथली गावंच्या गावं धनवान माणसांना खंडाने द्यायला सुरुवात केली. त्यांनी पैसा ओतावा, विहिरी खणाव्यात, रान मोडून शेती करावी आणि सारा भरावा. मालाड-बोरिवलीकडची सात गावं १८३० साली बैरामजी जीजीभाईंना मिळाली. कुर्ला वाडिया कुटुंबाकडे गेलं. आपण ज्याला आज ‘सबर्ब’ म्हणतो त्याच्या सातबाऱ्याचा पाया असा घातला गेला.

पवई १७९९ मध्ये हेलेनस स्कॉट या कंपनीच्या डॉक्टरला दिली होती. हा मोठा प्रयोगशील माणूस होता; हिंदुस्थानी पोलादाचे नमुने त्याने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले होते. त्याच्यानंतर ही मिळकत सरकारकडे परत गेली आणि १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती फ्रामजी कावसजींकडे आली.

फ्रामजींचा जन्म १७६७ चा. बनाजी घराणं ब्रह्मदेश आणि चीनशी व्यापार करणारं, जहाजांचं मालक. धाकटे भाऊ रुस्तमजी कलकत्त्यात स्थायिक झाले आणि त्यांनी ‘सिल्फ’सारखी वेगवान क्लिपर जहाजं बांधवून घेतली. ही जहाजं खास अफूच्या वाहतुकीसाठी प्रसिद्ध होती. फ्रामजी मुंबईत राहिले. १८३४ साली पहिल्यांदाच हिंदी माणसांना ‘जस्टिस ऑफ द पीस’ नेमलं, त्यात जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी यांच्याबरोबर तेही होते. धोबीतलावाच्या दुरुस्तीवर त्यांनी इतका खर्च केला, की त्या तलावाला त्यांचंच नाव पडलं. तलाव पुढे बुजवला गेला. नाव तिथल्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या इमारतीत उरलं.

पवईत त्यांनी ऊस लावला, नीळ लावली, रेशमाच्या किड्यांसाठी तुतीची झाडं लावली, विहिरी खणल्या, रस्ता केला, साखरेचा कारखाना घातला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम १८३० मध्ये ही मिळकत बघायला आले आणि त्यांनी तिची सरकारी टिपणात वाखाणणी केली. साखर आणि रेशीम ही यादी पाहिली की चीनचा माल डोळ्यांसमोर येतो. कॅन्टनहून जे विकत आणायचं तेच पवईत पिकवता येईल का, असा प्रश्न त्यांच्या मनात असेल का? तसं लिहून ठेवलेलं काही मी वाचलेलं नाही, पण चीनला जहाजं पाठवणाऱ्या माणसाने तुती लावताना चीनचा विचार केलाच नसेल, हेही पटत नाही. १८३८ मध्ये याच फ्रामजींनी राणी व्हिक्टोरियाला बोटीने आंबे पाठवले होते.

पवईच्या उसाचं शेत कॅन्टनच्या कोणत्या पैशातून उभं राहिलं, हे दाखवणारी पावती मागण्यात अर्थ नाही. रुपयाला वास नसतो. कापसाचा, अफूचा, जहाजभाड्याचा पैसा एकाच वहीत जमा होतो आणि त्याच वहीतून विहिरीचा खर्च होतो. पण वही एकच होती, हे विसरून चालणार नाही.

बांधावर

आज आदि शंकराचार्य मार्गाने, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने, तुम्ही पवईला आलात तर डाव्या-उजव्या बाजूला अचानक पाणी उघडतं. गणेश घाटापाशी रस्ता ओलांडून उभं राहिलं की पलीकडे हिरवे डोंगर, मध्ये जलपर्णीचे हिरवे तुकडे, आणि नशीब असेल तर एखाद्या खडकावर ऊन खात पडलेली मगर. पहिल्यांदा आलेला माणूस याला नैसर्गिक तलाव समजतो. तो तसा नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईला पाणी पुरेना. विहार तलाव १८६० मध्ये झाला होता, तुळशी १८७९ मध्ये. तानसाचं काम चालू होतं, पण ते पुरं होईपर्यंत शहर कसं तगवायचं? म्हणून १८९० च्या सुमारास पवईच्या टेकड्यांमध्ये बांध घालून हा तलाव केला गेला. पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर, साठा ५४५ कोटी लिटर. १८९२ मध्ये तानसाचं पाणी आलं आणि पवईची गरजच संपली. पाणीही पिण्याजोगं ठरेना. म्हणजे पवई तलाव हा तातडीचा उपाय होता, जो गरज संपल्यावरही सव्वाशे वर्षांहून जास्त काळ तसाच राहिला. आजही त्याचं पाणी उद्योगांसाठी आणि आरे कॉलनीसाठी वापरलं जातं, पिण्यासाठी नाही.

बांधाच्या खालच्या अंगाला पश्चिमेकडे चालत गेलं की फिल्टरपाडा लागतो. नावातच पाणीखात्याची खूण आहे. विहार आणि पवई या दोन तलावांतून ओसंडणारं पाणी इथे एकत्र होऊन मिठी नदी म्हणून पुढे जातं. नदीच्या उगमाशी उभं राहायचं म्हणून मी गेले, तर दोन्ही काठांवर घरं, मध्ये पाणी आणि पाण्यात शहराला नको असलेलं सगळं. अठरा किलोमीटरच्या नदीला पहिल्या किलोमीटरमध्येच नाला करून टाकायला आपल्याला फार वेळ लागलेला नाही.

तलावाच्या काठाने मनसोक्त चालता यावं, ही इच्छा काही वाईट नाही. मलाही ती आहे. महापालिकेने २०२१ मध्ये तलावाभोवती सायकल आणि पायी चालण्याचा मार्ग बांधायला घेतला तेव्हा बऱ्याच जणांना आनंद झाला होता. पण त्यासाठी पाण्याच्या कडेला दगड-मातीचा भराव पडू लागला. मगरी, पाणपक्षी, मासे या सगळ्यांचं जगणं त्या चिखलाच्या, गवताच्या कडेवर असतं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने हा मार्ग बेकायदा ठरवून भराव काढायला सांगितला. मोठ्या शहरांतले दगडी, चकचकीत नदीकाठ व्हिडिओत फार सुंदर दिसतात. पण काठ माणसाला सोयीचा केला की तो इतर सगळ्यांना गैरसोयीचा होतो. पवईची कड मऊ राहिली तरच तो तलाव राहील.

ग्रीक खांब

तलावाच्या दक्षिणेला वळलं की वेगळंच शहर सुरू होतं. उंच इमारती, त्यांना कमानी, घुमट, सज्जे आणि प्रचंड गोल खांब. हिरानंदानी गार्डन्स. वास्तुविशारद हफीझ कॉन्ट्रॅक्टर. हा भाग पाहून लोकांना युरोपची आठवण होते. मला ग्वांगझूतल्या शामियान बेटाची होते, फोटोंत पाहिलेल्या.

शामियानची गोष्ट अशी. १८५६ च्या डिसेंबरमध्ये, दुसऱ्या अफूयुद्धाच्या सुरुवातीला, तेरा वखारी जळून खाक झाल्या. मग इंग्रज आणि फ्रेंचांनी शेजारच्या वाळूच्या पट्ट्याला दगडी बांध घातला, शहराच्या बाजूने कालवा खणून त्याचं बेट केलं आणि १८६१ पर्यंत स्वतःची वसाहत उभारण्याजोगी जमीन तयार केली. चार-पंचमांश इंग्रजांची, एक-पंचमांश फ्रेंचांची. त्यावर खांब-कमानींचे बँकांचे आणि कंपन्यांचे वाडे आले. आज तिथे लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. तेरा वखारींच्या जागी सांस्कृतिक उद्यान आहे. जवळच १८६३ ते १८८८ या काळात बांधलेलं ग्रॅनाइटचं कॅथेड्रल आहे. अपमानाची खूण म्हणून बांधलेली वास्तू दीडशे वर्षांत सेल्फीची जागा झाली.

पवईचे ग्रीक खांब कुणी लादलेले नाहीत, ते आपण हौसेने घेतले. पण त्यांच्या खालच्या जमिनीला एक करार आहे. १९८६ मध्ये राज्य सरकार, तेव्हाचं मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि जमीनमालकांच्या वतीने विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. २३० एकर जमीन एकरी ४० पैशांच्या नाममात्र भाड्याने देण्यात आली, आणि त्या बदल्यात तिथे ४० व ८० चौरस मीटरची, मध्यमवर्गाला परवडणारी घरं व्हावीत अशी अट होती. या अटीवरून जनहित याचिका झाल्या आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने आधी तीन हजारांहून अधिक छोटी घरं बांधा असा आदेश दिला.

फ्रामजींचा खंड आणि १९८६ चा करार यांत दीडशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे, पण आकार सारखाच. सरकार स्वस्तात जमीन देतं, कारण समोरचा माणूस पैसा ओतून तिचं सोनं करील आणि त्यातलं काही सगळ्यांपर्यंत पोहोचेल अशी आशा असते. सोनं होतं. उरलेल्या भागासाठी याचिका करावी लागते.

मधल्या काळातही पवईत परदेश राहायला येत राहिला. १९४८ मध्ये दोन डॅनिश इंजिनिअरांच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीने इथली दलदलीची जमीन घेतली. १९५८ मध्ये आयआयटी मुंबई सुरू झाली, युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीने. १० मार्च १९५९ रोजी नेहरूंनी पवईत तिची कोनशिला बसवली. आणि या सगळ्यांच्या खाली तिरंदाज, पासपोली, कोपरी, तुंगवा, साकी ही गावं आहेत, जी आता बहुतेकदा मालमत्तेच्या कागदांवर आणि बसथांब्यांवर भेटतात. आयआयटीच्या आवाराला लागून पेरूबागेसारखे आदिवासी पाडे आहेत. फ्रामजींच्या उसाला पाणी कुणी दिलं, बांधाचे दगड कुणी वाहिले, हे कोणत्याही टिपणात नावानिशी आलेलं नाही. पण ते काम स्कॉट, फ्रामजी किंवा माल्कम यांनी स्वतःच्या हातांनी केलेलं नाही, एवढं नक्की.

खाली, माहीमपर्यंत

फिल्टरपाड्यापासून मिठी मरोळकडे, साकीनाक्याच्या मागून विमानतळाकडे जाते. तिथे तिच्यावर धावपट्टीच आहे. मग कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती, धारावीची कडा आणि माहीमची खाडी. कॅन्टनच्या व्यापाऱ्याला नदीकाठचे तीनशे मीटर तरी चालायला मिळत होते. मिठीच्या काठाने सलग तीनशे मीटर चालता येईल अशी जागा शोधावी लागते. बहुतेक वेळा नदी भिंतीपलीकडे असते आणि ती आहे हे वासावरून कळतं.

२६ जुलै २००५ ला मात्र ती सगळ्यांना दिसली. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि भराव, भिंती, धावपट्टी यांमध्ये आवळलेली नदी शेजारच्या वस्त्यांत शिरली. त्यानंतर महिन्याभरात मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झालं. नदी ही नदी आहे, हे मान्य व्हायला एवढं घडावं लागलं.

नदीच्या मुखाशी माहीमचा कॉजवे आहे. १८४५ पूर्वी माहीमहून वांद्र्याला जायचं तर होडीने खाडी ओलांडावी लागे, आणि पावसाळ्यात होड्या उलटून माणसं मरत. जमशेटजींच्या पत्नी आवाबाई यांनी या रस्त्यासाठी १,५७,००० रुपये दिले आणि अट घातली की इथे कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. ती अट पाळली गेली. त्याच वर्षी जमशेटजींच्या देणगीतून जे. जे. रुग्णालयाची इमारत उभी राहिली.

नकाशावर बोट ठेवून पाहा. मिठीच्या उगमाशी बनाजींची मिळकत, मुखाशी आवाबाईंचा रस्ता. अठरा किलोमीटरची एक छोटी नदी आणि तिच्या दोन्ही टोकांना कॅन्टनशी व्यापार करणारी दोन घराणी. हा योगायोग आहे, पण शहरभर इतक्या ठिकाणी तो दिसतो की त्याला योगायोग म्हणणं सोयीचं वाटू लागतं.

मग या पैशाचं करायचं काय? एक सोपं उत्तर म्हणजे पुतळ्यांना काळं फासायचं: विषाचा पैसा, विषाचं दान. दुसरं तितकंच सोपं उत्तर म्हणजे ‘त्या काळी चालायचंच’. दोन्ही मला अपुरी वाटतात. जे. जे. मध्ये बरा होऊन घरी गेलेला गिरणी कामगार खरा आहे आणि कॅन्टनच्या गल्लीत अफूच्या नशेत संपलेला माणूसही खरा आहे. एकाने दुसऱ्याला पुसून टाकता येत नाही. आवाबाईंनी टोल नको म्हटलं, हे मोठंच. पण रस्त्याचा टोल आधीच कुणीतरी दूर भरलेला होता, हेही तितकंच खरं.

पारशी व्यापाऱ्यांच्या कबरी मकावला आहेत, ग्वांगझूजवळच्या हुआंगपूला आहेत, हाँगकाँगला आहेत. अग्यारी नाही, दखमा नाही, अशा परक्या नदीकाठी ही माणसं मातीत पुरली गेली. म्हणजे त्या शहरात मुंबईची खूण आजही पायी जाऊन बघता येते. पवईत मात्र चीनची खूण कुठे लिहिलेली मला दिसली नाही. तलावावर सूचनांचे फलक पुष्कळ आहेत: पोहू नका, मगरी आहेत, कचरा टाकू नका. त्यांच्याच शेजारी आणखी एक लावायला हवा. त्यावर बांध कधी बांधला ते असावं, बांधायची वेळ का आली ते असावं, आधी इथे कोणती गावं होती ती नावं असावीत. फ्रामजी कावसजींचं नाव असावं, त्यांनी लावलेल्या तुतीसकट. आणि त्यांच्या घराण्याची जहाजं कुठे जात होती आणि त्या व्यापारात काय भरलेलं असे, तेही एका ओळीत असावं. तेवढं वाचून मग ज्याने त्याने काठाकाठाने चालावं.